लाल कार्ड आणि मंगळावरचा डोंगर

मी मंगळावरच्या ज्वालामुखींचे नकाशे बनवते, आणि ते गोंदियाजवळ फुलचूरला, आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून बनवते. हे ऐकून लोक हसतात. हसू द्या. गल्लीतल्या एका काकूंना तर अजूनही वाटते की मी लोकांच्या पत्रिकेतला मंगळ बघते. पुतणीचं लग्न जमत नव्हतं तेव्हा त्या पत्रिका घेऊन थेट माझ्या दारात आल्या होत्या. मी त्यांना स्क्रीनवरचा डोंगर दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग याची शांती कशी करायची वो?"

खोली लहान आहे. एक खाट, एक टेबल, कॉम्प्युटर, आणि एक खिडकी. ती उघडली तर शेजाऱ्यांची भिंत दिसते आणि राइस मिलच्या भुशाची राख आत येते, म्हणून आई ती उघडू देत नाही. राख हे एक कारण झालं. आईकडे माझ्यासाठी बाराही महिने कारणं तयार असतात. उन्हाळ्यात बाहेर जाऊ नको, अंगातलं पाणी आटते. पावसाळ्यात जाऊ नको, भिजशील. हिवाळ्यात तर दारापाशीही उभी राहू नको, थंडी हाडात शिरते. चौथा ऋतू असता तर त्याचंही काहीतरी निघालं असतं. टेबलावर पाण्याचा स्टीलचा तांब्या असतो. तो अर्धा झाला की आई येऊन भरते, आणि अर्धा झाला नसेल तर येऊन ओरडते. तिशी ओलांडलेल्या बाईला दिवसभर कोणी "पाणी पी, पाणी पी" करत राहिलं तर तिचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

आईचं चुकत नाही, हाच तर वैताग आहे. मला सिकलसेल आहे. आमच्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही, चार गल्ल्या फिरलं की एखादं घर सापडतेच. बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या लाल पेशी गोल असायला हव्यात, त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की माणूस गुरासारखा ओरडतो. पाणी कमी पडलं, थंडी लागली, फार दमलं, उंचावरची विरळ हवा अंगाला लागली की ते दुखणं येते. गोळ्या रोजच्या चालू आहेत. बऱ्याच दिवसांत मोठं दुखणं आलेलं नाही, पण येणारच नाही असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

तर उंचावर जायला मनाई असलेल्या या बाईचं काम काय, तर सूर्यमालेतल्या सगळ्यात मोठ्या ज्वालामुखीची उंची नीट लावायची. ऑलिम्पस मॉन्स त्याचं नाव. एव्हरेस्टच्या अडीच पट उंच. त्याची एक कड गोंदियाला ठेवली तर दुसरी नाशिकच्या थोडी अलीकडे येईल. माथ्यावरच्या मुखात गोंदियापासून भंडाऱ्यापर्यंतचा मुलूख, तलाव-बोड्या धरून, आरामात मावून जाईल. आणि एवढं असून त्याचा उतार इतका मंद आहे की तिथे उभ्या असलेल्या माणसाला आपण डोंगरावर आहोत हेच कळायचं नाही. चहूकडे सपाट जमीनच दिसेल. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी जोरात हसले होते. आई धावत आली, दुखून राहिलं का म्हणून.

काम कसं चालते ते सांगते. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने लेझरचे ठिपके खाली सोडले. ते आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून जमिनीची उंची कळली. पण हे ठिपके यानाच्या वाटेवर ओळीनेच पडतात, दोन ओळींच्या मधली जागा कोरी राहते. ती भरायला दोन वेगळ्या कोनांतून काढलेले फोटो घ्यायचे आणि आपल्याला दोन डोळ्यांनी जशी खोली कळते तशी त्यातून उंची काढायची. हे कॉम्प्युटर करतो. पण फोटोंचे पट्टे वेगवेगळ्या वेळी काढलेले असतात, ऊन वेगळं, धूळ वेगळी. दोन पट्टे शेजारी लावले की मध्ये पायरी पडते, आणि जिथे डोंगर सलग आहे तिथे खोटा कडा उभा राहतो. जिथे नुसती मऊ धूळ पसरली आहे, ओळखायला एक खूण नाही, तिथे तर कॉम्प्युटर मनानेच टेकड्या उठवतो. ते खोटे कडे आणि त्या खोट्या टेकड्या शोधायच्या, लेझरच्या ओळींशी ताडून बघायच्या आणि सांधा बसवायचा, हे माझं काम. एकेका सांध्याला आठवडा जातो. खरा कडा खोटा समजून घासून टाकला तर झालीच पंचाईत. शुक्रावरचेही ज्वालामुखी केले आहेत मी, पण तिथे नुसते ढगच ढग, रडारशिवाय काही दिसत नाही, आणि माझ्या हाती होती ती रडारची माहितीही जुनी. मंगळावर निदान ऊन पडते.

आईने एकदा नीट चौकशी केली होती.

"तिथं कोण राहते?"

"कोणी नाही."

"पाणी आहे?"

"नाही. होतं कधीतरी."

"हवा?"

"नसल्यासारखीच."

"मंग नकाशा कायले पायजे? कोण जाऊन राहिलं तिथं?"

मी चिडून म्हटलं, "मी जाऊन राहिली." ती म्हणाली, "जा. पण पाणी घेऊन जा."

हे काम दूरच्या एका शहरातल्या संस्थेचं. मी कंत्राटावर, घरून. ज्या सरांच्या हाताखाली मी काम करते त्यांना मी फक्त स्क्रीनवर बघितलं होतं, आणि त्यांनी मला. माझ्या रक्ताबद्दल तिथे कोणाला काही ठाऊक नव्हतं. मला ते फार आवडायचं. त्या शहरात मी नुसती नकाशेवाली होते. सांधा चुकला तर शिव्या खायची आणि जमला तर शाबासकी मिळवायची, तिसरं काही नाही.

इथे तसं नाही. इथे आमच्यात सोयरिकीची बोलणी करायला माणसं आली की आधी कार्ड निघतात, मग चहा. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं की कार्ड मिळते. ज्याला दुखणं आहे त्याला लाल, आणि ज्याच्या रक्तात ते नुसतं बसून आहे, त्रास नाही, त्याला पिवळं. पिवळ्याने पिवळ्याशी लग्न करू नये, पोरांना लाल मिळायची भीती असते. आई-बाबांच्या वेळी तपासणी होत नव्हती. दोघंही पिवळे निघाले, पण ते कळलं आम्ही दोघं भावंडं झाल्यावर. ही कार्डाची रीत चांगली आहे, मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. माझ्यासाठी एकदा कामठ्याहून मंडळी आली होती. मुलाच्या मामाने माझं लाल कार्ड बघितलं, दोन्ही हातांनी परत दिलं, "बाई, राग मानू नका" म्हणाले, आणि चहा पिऊनच गेले. कोणी कोणाशी खोटं बोललं नाही. मला राग आला नाही. रडू आलं, ते वेगळं.

पण आईने ही रीत सोयरिकीपुरती ठेवली नाही ना! ती कार्ड सगळ्यांना दाखवते. एसटीच्या कंडक्टरला दाखवते, ब्लाउज शिवणाऱ्या बाईला दाखवते. एकदा आम्ही सगळे नागझिऱ्याला गेलो तेव्हा जिप्सीतल्या गाइडला दाखवलं. तो बिचारा म्हणाला, "काकू, तिकीट दाखवा ना, हे काय दाखवून राहिल्या?" सगळी जिप्सी हसली. मी वाघ बघायला गेले होते आणि तोंड लपवून परत आले.

ती असं का करते ते मला माहीत आहे. माझा दादा नागपूरला होस्टेलमध्ये राहून इंजिनिअरिंग करत होता. त्याने तिथे कोणालाच सांगितलं नव्हतं. क्रिकेट खेळायचा, पोरांबरोबर हिंडायचा, त्याला कोणाची कीव नको होती. डिसेंबरात दुखणं आलं तेव्हा पोरांना वाटलं गॅस झाला असेल. त्यांनी गोळी दिली, अंगावर पांघरूण घातलं आणि याला झोपू द्या म्हणून दार ओढून घेतलं. वाईट पोरं नव्हती ती. त्यांना माहीतच नव्हतं. आई आजही म्हणते, "एकाले जरी सांगितलं असतं ना..." आणि तिथेच थांबते.

यंदा संस्थेत कायम संशोधकाची एक जागा निघाली. सरांनी स्वतः फोन करून सांगितलं, अर्ज करा म्हणून. मला ती जागा हवी होती, आणि पगारासाठी नाही, तिथे जाण्यासाठी हवी होती. एक खोली, जिची खिडकी मी वाटेल तेव्हा उघडेन. एक रस्ता, ज्यावरून मी एकटी चालेन आणि कोणी मागून स्वेटर घेऊन धावणार नाही. स्पष्टच सांगते, मला आईपासून दूर जायचं होतं. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण नाही वाटत.

एकच घोडं अडत होतं. नव्या संशोधकांना लडाखला नेतात. उजाड, कोरडी, थंड जमीन, मंगळासारखी. तिथे हिंडून दगडमाती वाचायला शिकवतात. इतक्या उंचीवर माझ्यासारखीला नेणं म्हणजे दुखण्याला आवतण देणं. मी मनाशी ठरवलं की आधी जागा तर मिळू दे. मग लडाखच्या वेळी बघू. पाय मुरगळला म्हणू, घरी लग्न आहे म्हणू. दादाचीच अक्कल, दुसरं काय!

मुलाखत स्क्रीनवरच होती. मी आईला बजावलं, बाहेर बस, आत यायचं नाही, तांब्या भरायलाही नाही. ती दाराबाहेर सुपात लाखोळीची डाळ घेऊन निवडत बसली. स्क्रीनवर सर, एक मॅडम आणि आणखी एक गृहस्थ. मग मॅडमनी विचारलं की मंगळावरच एवढा अजस्र ज्वालामुखी का, पृथ्वीवर का नाही? हे तर माझं रोजचं. मी सांगितलं, पृथ्वीचं वरचं कवच सरकत असते. खाली तापलेला झरा एकाच जागी असला तरी वरची जमीन पुढे निघून जाते, म्हणून ओळीने लहान लहान ज्वालामुखी तयार होतात. मंगळाचं कवच तसं सरकत नाही. तोच डोंगर, तीच जागा, थरावर थर.

"हलता आलं नाही म्हणून एवढा वाढला," मी म्हटलं.

मॅडम हसल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. मी मनात म्हटलं, पोरी, जमलं तुझं.

मग सर म्हणाले, "एक फॉर्मल सवाल है. लडाख जाना पड़ेगा. कोई मेडिकल प्रॉब्लेम तो नहीं है ना?"

"नहीं सर." इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

दार उघडलं. आई आत आली. मी हाताने नाही नाही करत होते, पण तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कमरेच्या बटव्यातून कार्ड काढलं आणि थेट कॅमेऱ्यापुढे धरलं, इतकं जवळ की तिकडे नुसता लाल रंगच दिसला असेल.

"साहेब, पोरगी खोटं बोलून राहिली. इसको सिकलसेल है. लाल कार्ड आहे, बघा. मागून कोणी म्हणू नये का लपवलं."

तिकडे तिघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. "ये क्या है, राशन कार्ड?" मॅडमनी सरांना विचारलं. त्यांच्या गावी असलं कार्ड कोणी बघितलेलंच नसणार.

"आप कौन?" सर म्हणाले.

"मी आई हिची. पहाडीवर नका नेऊ हिले. पाणी वेळेवर द्या. बाकी पोरगी हुशार आहे." आणि तिने हात जोडले. माझ्या सोयरिकीची बोलणीच संपवली तिने, माय वो!

मुलाखत कशी आटोपली मला आठवत नाही. आठवते ते त्यानंतरचं भांडण. मी दाराबाहेर आले ती सुपाला पाय लागून डाळ सगळीकडे उधळली.

"नोकरी होती ती! लग्न जुळवून राहिली होती का तू? कार्ड कोणं मांगितलं होतं?"

"त्यानं विचारलं ना. तू नाही म्हटलं."

"म्हणू दे ना मंग! माझं तोंड आहे, माझं रक्त आहे!"

"त्याचं बी त्याचंच होतं," आई म्हणाली.

दादाचं नाव न घेता ती अशी गप्प करते. पण मी आणखी वाईट बोलले. म्हटलं, "तुले मी इथंच सडायला पायजे."

ती खाली बसून डाळ गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "हाव. जिती तं राहशील."

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही बोललो नाही. तांब्या तेवढा भरला जायचा. मी डोंगराच्या माथ्यावरच्या मुखाचं काम काढलं. ते मुख म्हणजे एक खड्डा नाही, सहा खड्डे आहेत, एकमेकांत घुसलेले. डोंगराच्या पोटातला वितळलेला दगड निघून जातो, आत पोकळी होते, मग वरचं छत खाली बसते. असं परत परत झालेलं आहे. त्यातल्या एका खड्ड्याच्या तळाशी दोन पट्ट्यांचा सांधा येत होता आणि काही केल्या बसत नव्हता. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या तळाशी असायची, आजूबाजूला उभ्या भिंती, आणि वर चढून गेलं तरी पुन्हा तोच सपाट दिसणारा उतार. रागात माणूस काम चांगलं करतो की वाईट, मला माहीत नाही. मी तो सांधा पुन्हा पुन्हा पुसला.

मग सरांचा फोन आला. मी मनाची तयारी करून उचलला, आणि ते इतके प्रेमाने बोलले की मी गडबडून गेले. म्हणाले, आधी सांगायचं ना, आम्ही काय राक्षस आहोत? काम तुमचंच सगळ्यात चांगलं आहे. जागा तुमचीच. आणि लडाख नाही, काही नाही, तुम्हाला इथेही यायची गरज नाही. वरपर्यंत बोलून घेतलं आहे, तुम्ही कायमच्या घरूनच काम करायचं. मोठी स्क्रीन पाठवतो. शेवटी हसत म्हणाले, "तुमच्या त्या डोंगरासारखं, एकाच जागी राहून वाढा."

मी थँक यू म्हटलं. देणाऱ्यावर ओरडणार कसं?

घरात आनंदीआनंद झाला. बाबा मिलमधून येताना जिलेबी घेऊन आले. आईने दादाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. पत्रिकावाल्या काकूही आल्या आणि मंगळ फळला म्हणून माझ्या गालावरून हात फिरवून गेल्या. मी जिलेबीचा तुकडा हातात धरून बसले होते. मग तो बशीत परत ठेवला.

"मले जाचं होतं," मी म्हटलं.

"कुठं?" बाबांनी विचारलं.

"तिथं."

"आता कायले? घरबसल्या भेटून राहिलं ना सगळं."

मग मात्र मला आवरलं नाही. मी ढसाढसा रडले, आणि रडत रडत सगळं बोलले. मला या खोलीत मरायचं नाही. आज मला काही दुखत नाही, आज मी चांगली आहे, आणि चांगली असूनही इथेच आहे. दुखेल तेव्हा दुखेल, पण न दुखणारे दिवसही तुम्ही माझ्याकडून काढून घेतले. बाबा भिंतीकडे बघत बसले. आईने जिलेबीची बशी उचलून आत नेली.

काही दिवसांनी दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि खाटेवर बसली. हातात काही नव्हतं. ती अशी रिकाम्या हाताने कधी येत नाही, म्हणून मी माऊस सोडून तिच्याकडे वळले.

"तिथं दवाखाना किती दूर आहे?"

"संस्थेच्या समोरच. आपल्या इथल्याहून मोठा आहे."

"बाजूच्या खोलीत कोण राहीन?"

"संस्थेतल्या बाकीच्या पोरी राहतील."

"त्याहिले सांगशील?"

"सांगीन."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी सांगीन, आई."

"कार्ड दाखवशील?"

मला हसू फुटलं. "दाखवीन. चौकीदारालेही दाखवीन."

ती हसली नाही. म्हणाली, "मंग लिही त्या साहेबाले. मी सांगतो तसं लिही."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. हिला दुखणं आलं तर आधी पाणी द्या. मग गरम कपड्याने शेका. कोणती गोळी, किती, ते सांगितलं. गॅस झाला म्हणून सोडून देऊ नका. झोपू द्या म्हणून दार लावून घेऊ नका. गोळीने थांबलं नाही तर लगेच दवाखान्यात न्या. ती नाही म्हणेल, तिचं ऐकू नका. छातीत दुखलं किंवा दम लागला तर एक मिनिट थांबू नका. मी इंग्रजीत लिहीत गेले. पाण्याचं दोनदा लिही म्हणाली, दोनदा लिहिलं. मी माझ्याकडून लिहिलं की लडाखला येता येणार नाही, पण मला तुमच्या शहरात येऊन, तुमच्या इमारतीत बसून काम करायचं आहे. सगळं झाल्यावर तिने मला ते मराठीत वाचून दाखवायला लावलं. ऐकलं, आणि म्हणाली, "खाली लिही का आईची हरकत नाही."

मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती बाई असं वाक्य बोलली होती. त्या दिवशी तिने कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसली, उन्हात ठेवली. शेजारणीला सांगितलं, पोरगी नोकरीवर जाऊन राहिली. मी खोलीत बसून ऐकत होते आणि मला तिची इतकी माया आली की उठून बाहेर जावंसं वाटलं, पण गेले नाही.

उत्तर आलं ते सकाळी, मी नुकती बसले होते तेव्हा. मी आईला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली. मी इंग्रजीतलं वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं असं करत गेले, कुठेही गोड केलं नाही. आम्ही तुमचं पत्र नीट वाचलं. आमच्या डॉक्टरांनाही दाखवलं. आजार इतका गंभीर असेल याची आम्हाला कल्पना नव्हती. हे सगळं वाचल्यावर तुम्हाला घरच्यांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही. तुमच्यासाठी घरच सुरक्षित आहे. तुमच्या आईंचे आभार, त्यांनी एवढं सविस्तर सांगितलं म्हणून आम्हाला योग्य निर्णय घेता आला. स्क्रीन रवाना केली आहे.

आईने पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

"आपण तं सगळं सांगितलं," ती म्हणाली.

"हाव."

"काही लपवलं नाही."

"नाही."

"मंग?"

ती स्क्रीनकडे बघत होती. इंग्रजीतलं तिला एक अक्षर वाचता येत नाही, तरी बघत होती.

"त्या दिवशी म्या कार्ड दाखवलं नसतं," ती सावकाश म्हणाली, "तू नाही म्हटलं तेच राहू दिलं असतं, तं तुले घेतलं असतं तिथं?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिच्यासाठी मी ते बोलायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"हो," मी म्हटलं. "घेतलं असतं."

आई खाटेच्या कडेला बसली. बराच वेळ तिने माझा हात हातात धरून ठेवला, एखाद्या अनोळखी बाईचा धरावा तसा.

"मले वाटलं," ती म्हणाली, "सांगितलं का लोक सांभाळतात."

"सांभाळूनच तं राहिले, आई," मी म्हटलं.